सड्याचा दंड

आमचे हे निवृत्त झाले आणि घरात कायदा आला. विमा कंपनीत होते तोवर कायदा ऑफिसात राहायचा, घरी फक्त रिकामा डबा यायचा. आता माणूस दिवसभर घरात. दुधावर झाकण कुणी ठेवलं नाही, बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला, पेपरची घडी कुणी मोडली, याची चौकशी सकाळच्या चहाबरोबर सुरू व्हायची. मी एकदा म्हटलं, "अहो, इथे कुणी क्लेम टाकलेला नाही. निवांत बसा." तर म्हणाले, "सगळं जागच्या जागी असलं की मला निवांतच वाटतं."

म्हणून जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या आमच्या अपार्टमेंटने ह्यांना सेक्रेटरी केलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. सुंठीवाचून खोकला गेला. इथल्या लोकांचा मराठी माणसाबद्दल एक पक्का समज आहे, की हा गोड बोलणार नाही पण खाणारही नाही. ज्या कामात शेजाऱ्यांचा वाईटपणा घ्यावा लागतो ते काम आमच्याकडे येतं. "सबनीसजी ईमानदार आदमी हैं," असं सगळे म्हणाले, आणि आमचे श्यामकांत सबनीस नवरदेवासारखे लाजले.

त्या वर्षी चैत्रातच बोअरचं पाणी खाली गेलं. एक दिवसाआड टँकर यायला लागला, आणि तोही कधी वेळेवर नाही. पहिल्याच मीटिंगमध्ये ह्यांनी नियम मांडला. दाराबाहेर पाणी सांडलेलं दिसलं की शंभर रुपये दंड, आणि ज्याच्यामुळे सांडलं त्याचं नाव पोर्चमधल्या फळ्यावर. नाव महिनाभर पुसायचं नाही. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी, सगळ्यांना एकच माप. नियम लगेच मंजूर झाला. पाणी दुसरा सांडतो अशीच प्रत्येकाची खात्री होती, माझीसुद्धा.

फळ्यावर पहिलं नाव लागलं महेंद्रजींचं. दुसऱ्या मजल्यावर राहतात, सीकर रोडवर त्यांचं मार्बलचं मोठं दुकान आहे. दोन गाड्या, आणि त्यांचा ड्रायव्हर रोज पाइप लावून दोन्ही धुवायचा. ह्यांनी नाव लिहिलं त्याच संध्याकाळी महेंद्रजी हसत आमच्या दारात आले. "सबनीसजी, रोज़-रोज़ आपको क्यों तकलीफ़ दूँ, पूरे महीने का एक साथ ले लीजिए," म्हणाले, आणि पैसे देऊन गेले. जाताना फळ्याशेजारी उभं राहून स्वतःचा फोटोही काढून घेतला. ह्यांचं अक्षर आहेच सुरेख, आणि महेंद्रजींचं नाव इतकं वळणदार त्यांच्या दुकानाच्या पाटीवरही नसेल.

दुसऱ्या दिवसापासून पाइप जरा जास्तच वेळ चालायला लागला. आमचा निमिष इथेच एका बँकेत आहे. त्याचा जन्म जयपूरचा, मराठी घरापुरतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "बाबा, मतलब हा दंड नाही झाला ना. हे तर गाडी धुवायचं तिकीट झालं."

"पैसे जमतायत. त्यातून टँकर येतो," हे म्हणाले.

"हो, आणि टँकर महेंद्रजींची गाडी धुतो."

ह्यांनी पोळीचा तुकडा मोडला. मला हसू आलं, पण मी वाढण्यात लक्ष घातलं. तेव्हा मला ती सगळी गंमत वाटत होती. आपल्या दारात काही आलं नाही तोवर सगळ्याच कायद्यांची गंमत वाटते.

मग सुगना जीजींचं नाव लागलं.

तळमजल्यावर दोनच घरं, आमचं आणि जीजींचं. मध्ये पोर्च, आणि दारं समोरासमोर. जीजी शास्त्री नगरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. आता पेन्शन आहे, मुलगी सासरी जोधपूरला. मी बदलीच्या गावांना कंटाळून, कुणाशी फार जीव लावायचा नाही असं ठरवून इथे आले होते. जीजींनी ते पहिल्या महिन्यातच मोडून काढलं. दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघी आपापल्या उंबऱ्यावर बसायचो. पोर्चमध्ये वारा बरा येतो. मी भाजी निवडणार, त्या सांगरीच्या वाळक्या शेंगा निवडणार. कैरीचं पन्हं उकडून करायचं की भाजून, यावर दर उन्हाळ्यात आमचं भांडण व्हायचं आणि शेवटी दोन्ही तऱ्हेचं करून दोघी दोन्ही प्यायचो. माझं हिंदी ऐकून त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही तोंडावर हात ठेवला नाही, उलट माझं 'नको' उचललं. कुणी चहा विचारला की म्हणायच्या, "नको, नको, आधा कप दे दे."

जीजींनी फाटकाजवळच्या कडुलिंबाला परिंडा टांगला होता. परिंडा म्हणजे पाखरांसाठी पाणी ठेवायचं मातीचं पसरट भांडं. उन्हाळा लागला की इथे झाडाझाडाला दिसतात. जीजी सकाळी लोटीभर पाणी नेऊन तो काठोकाठ भरायच्या. काठोकाठ भरला की थोडं सांडणारच, शिवाय चिमण्या त्यात आंघोळ करायच्या. झाडाखाली ताटाएवढी जागा ओली व्हायची.

ती ओली जागा ह्यांनी पाहिली.

मी आत कणीक भिजवत होते. बाहेर ह्यांचा आवाज आला, मग जीजींच्या दाराची कडी वाजली. येऊन पाहते तर जीजींनी शंभराची नोट दिलेली, हे पावती फाडतायत, आणि दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. पावती घेऊन जीजी आत गेल्या. ह्यांनी खडू घेतला आणि महेंद्रजींच्या नावाखाली तितक्याच वळणदार अक्षरात 'श्रीमती सुगना' असं लिहिलं.

मला इतका राग आला की कणकेचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. "अहो, ते पाखरांचं पाणी आहे."

"पाणी पाणीच असतं."

"तिकडे पाइपने नदी वाहतेय आणि इकडे तुम्ही लोटी मोजताय. चोर सोडून संन्याशाला फाशी."

"चोरालाही दिलीय ना," हे शांतपणे म्हणाले. "दोघांना सारखीच दिली. जीजी आपल्या जवळच्या आहेत म्हणून सोडलं असतं तर उद्या कुणी माझं ऐकलं असतं का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचलेला राग घरभर फिरतो. त्या दिवशी मी आमटीत मीठ घातलं नाही. ते जाणून केलं की विसरून, हे मलाही सांगता येणार नाही. ह्यांनी तशीच खाल्ली.

दुपारी मी उंबऱ्यावर जाऊन बसले. समोरचं दार बंद होतं. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी कडुलिंबावरचा परिंडा दिसेनासा झाला. फांदीला नुसती सुतळी लोंबत राहिली. चिमण्या यायच्या, सुतळीभोवती दोन गिरक्या घ्यायच्या आणि जायच्या. ते बघवेना म्हणून मी भाजी आत निवडायला लागले.

आठवडाभर मी हे सहन केलं. मग भाजलेल्या कैरीचं पन्हं केलं, म्हणजे त्यांच्या पद्धतीचं, आणि पेला घेऊन समोरच्या दारावर टकटक केली. जीजींनी दार उघडलं. "आइए वीणाजी," म्हणाल्या, "बैठिए."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'जी' लावलं नव्हतं. मी पाहुण्यासारखी खुर्चीच्या काठावर बसले. पन्हं त्यांनी पुढ्यात ठेवलं, प्यायलं नाही.

"जीजी, मेरे को माफ़ करो," मी म्हटलं. "इनका स्वभाव ही वैसा है."

"सबनीसजी ने क्या गलत किया? नियम सबका है." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सौ रुपये की बात नहीं है. मैंने सारी उमर बोर्ड पर दूसरों के नाम लिखे. मेरा नाम कभी किसी ने नहीं लिखा. कल तीसरी मंज़िल वाला डॉक्टर मिला. मेरा पढ़ाया हुआ है. पैर छुए, और फिर बोर्ड की तरफ़ देखकर हँस दिया. बुरा मन नहीं था उसका. पर हँसा."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही, पण उलट धरलाही नाही. मी परत आले आणि आतल्या खोलीत बसून रडले. या गावात मला एकच मैत्रीण होती. पन्नाशीनंतर माणसाला ओळखी होतात, मैत्रीण होत नाही. ती एक मिळाली होती, आणि माझ्याच घरातल्या माणसाने खडूने तिचं नाव लिहून ती घालवली होती.

ह्यांना मी हे सगळं सांगितलं. ह्यांनाही चुकल्यासारखं होत होतंच. जीजींची लसणाची चटणी हे रोज जेवताना ताटात शोधत होते, हे मी पाहत होते. पण म्हणाले, "वीणा, मला त्यांचा अपमान करायचा नव्हता. पण एकदा नाव पुसलं की नियम संपला." हे खरंच तसे आहेत. नोकरीत कुणाचा पेढा घेतला नाही आणि कुणाचा क्लेम उगीच अडवलाही नाही. अशा माणसाशी भांडणं फार अवघड. लबाड नवरा असता तर मी केव्हाच जिंकले असते.

महिनाअखेरची मीटिंग रविवारी सकाळी होती. ऊन चढायच्या आत उरकायची म्हणून पोर्चमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. वरच्या मजल्यांवरची मंडळी उतरली. महेंद्रजी इस्त्रीच्या पांढऱ्या कुडत्यात पुढे बसले. जीजी सगळ्यांत मागे, आपल्या दाराजवळ उभ्या होत्या. येणं भाग म्हणून आल्या होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन आमच्या दारात.

हे पाण्याच्या खर्चाबद्दल सांगत होते. कुठल्या दिवशी टँकर आला नाही, दंडाचे किती पैसे जमले. तेवढ्यात महेंद्रजींनी हात वर केला. त्यांचा चेहरा एकदम निरागस होता.

"सबनीसजी, एक बात पूछूँ? यह पानी किसका है?"

त्यांचं बोट माझ्या पायांकडे होतं.

मी खाली पाहिलं. माझा सडा. मी रोज उठते, तोंड धुते, तांब्याभर पाणी घेते आणि उंबऱ्यापुढे शिंपडते. मग रांगोळीची दोन बोटं ओढते. कऱ्हाडला माहेरी अंगणात शेणाचा सडा असायचा. लग्न झाल्यावर जिथे जिथे बदली झाली तिथे नुसत्या पाण्याचा राहिला, पण चुकला नाही. जयपूरच्या धुळीत तर तो हवाच. नियम झाल्यापासूनही एक दिवस चुकला नव्हता. आणि इतक्या दिवसांत मला किंवा ह्यांना, खरं सांगते, दोघांपैकी एकालाही कधी वाटलं नव्हतं की हे दाराबाहेर पाणी सांडणं आहे. हे रोज सकाळी तो सडा ओलांडून, रांगोळी मोडू नये म्हणून पाय उंच टाकून, फळ्यावर लोकांची नावं लिहायला जात होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्या घरात माझ्याच तोंडी असते.

लोक हसले. ह्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला दया आली. कागद हातात तसेच धरून हे सड्याकडे असे बघत होते, जणू तो आत्ताच जमिनीतून वर आला आहे.

मग ह्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली. "देखिए, यह पानी गिराना नहीं है. इसको हमारे में सडा बोलते हैं. यह रिवाज है. सुबह दरवाज़े के सामने थोड़ा पानी छिड़कते हैं, धूल बैठ जाती है, घर में शुभ होता है. और पानी कितना? एक तांब्या. मतलब लोटा."

हे चांगलं बोलले. इतकं चांगलं बोलले की सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर म्हणाला, "हाँ हाँ, पूजा जैसा ही हुआ." महेंद्रजींनीही दोन्ही हात जोडले. "अरे मैं तो मज़ाक कर रहा था. भाभीजी की बात अलग है."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष मागे होतं. 'भाभीजी की बात अलग है' हे ऐकलं आणि जीजी दाराकडे वळल्या. पदर सावरून कडीला हात घातला. ते दार आता बंद झालं की पुन्हा उघडणार नाही, हे मला इतकं स्वच्छ कळलं की हातातला ट्रे मी जवळच्या खुर्चीवर तसाच टेकवला.

"मेरी बात अलग नहीं है," मी म्हटलं. "मेरा नाम लिखो."

"वीणा, आत जा. आपण नंतर बोलू," हे मराठीत म्हणाले.

"नंतर नाही, आत्ताच." माझंही मराठीच आलं, रागात दुसरी भाषा कुणाला सुचते. "माझ्या तांब्याला रिवाज म्हणता, शुभ म्हणता, धूळ बसते म्हणता. मग जीजींची लोटी काय होती? माझ्या पाण्यावर तर एक चिमणीसुद्धा जगत नाही. त्यांना तुम्ही काही विचारलंत? नुसती ओली जमीन पाहिलीत आणि नाव लिहिलंत. माझी ओली जमीन रोज ओलांडलीत. लिहा माझं नाव, नाहीतर खडू माझ्याकडे द्या."

मराठी कळणारं तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं, निमिष सोडून, आणि तो वर बघत होता. पण जीजींचा हात कडीवरच थांबला.

ह्यांनी खडू उचलला. फळ्यापाशी गेले आणि सुरेख अक्षरात 'सौ. वीणा सबनीस' लिहिलं. लिहून झाल्यावर तिथेच, लोकांकडे पाठ करून उभे राहिले. मग वळले. ह्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे, पण त्या दिवशी शब्द जुळेनात.

"मैंने तीस साल क्लेम देखे," हे म्हणाले. "एक भी क्लेम सामने वाले को पूछे बिना रिजेक्ट नहीं किया. यहाँ जीजी को मैंने पूछा ही नहीं. सबको एक जैसा दंड दिया तो समझा न्याय हो गया. यह काम मुझसे ठीक नहीं हुआ." मग मागे जीजींकडे पाहिलं. "जीजी ने इतने साल बच्चों को सज़ा दी है. मैं विनती करता हूँ, जीजी बताएँ."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मला वाटलं, जीजी 'नको' म्हणतील. पण त्या पुढे आल्या. चालच बदलली होती. वर्गात शिरलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली. महेंद्रजी खुर्चीत जरा ताठ झाले.

"गाड़ी कौन धोता है?" जीजींनी विचारलं.

"ड्राइवर धोता है, जीजी."

"पैसे आप देते हो, हाथ उसका भीगता है, पानी सबका जाता है. तो आपको सज़ा कहाँ हुई? कल से पाइप बंद. एक बाल्टी, एक कपड़ा, और धोओगे आप."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महेंद्रजी आधी लाल झाले, मग स्वतःच हसले. माणूस वाईट नाही. पैशाने सुटणारी गोष्ट पैशाने सोडवायची एवढंच त्यांना माहीत. "दोनों गाड़ियाँ?" त्यांनी विचारलं.

"दोनों गंदी होती हैं तो दोनों."

मग जीजी फळ्याकडे वळल्या. त्यावर स्वतःचं नाव होतं, त्याकडे एकदा नीट पाहिलं. "और ये नाम. मैं भी लिखती थी, शरारत करने वालों के. पर छुट्टी की घंटी से पहले मिटा देती थी. बच्चा सज़ा स्कूल में भुगते, घर साथ लेकर न जाए. यहाँ तो हम सबका घर ही यहाँ है. रोज़ उसी के सामने से निकलना पड़ता है."

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर उठला, फळ्यापाशी गेला आणि रुमालाने तिन्ही नावं पुसली. जीजींचं नाव पुसताना त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ह्यांनी त्याला अडवलं नाही.

"आणि मी?" मी विचारलं. मराठीतच विचारलं गेलं.

जीजी माझ्याकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्या माझ्याकडे अशा बघत होत्या. "तू," त्या म्हणाल्या, "रोज सवेरे, यह तेरा सडा करने से पहले, परिंडा भरेगी. अपने पीने के पानी में से. आधा भरेगी, ऊपर तक नहीं. वह गलती मेरी थी. एक बूँद नीचे गिरी तो दूसरे दिन मैं सडा नहीं करने दूँगी. मैं खड़ी रहकर देखूँगी."

"कितने दिन?" हे मध्येच म्हणाले. राहवलं नाही. शिक्षा म्हटली की मुदत हवी.

"जब तक मैं न कहूँ," जीजी म्हणाल्या, आणि खुर्चीवरच्या ट्रेमधला एक कप उचलून प्यायला लागल्या. चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांब्या घेऊन बाहेर आले तर जीजी कडुलिंबाखाली उभ्या. परिंडा परत टांगलेला. मी हात उंच करून पाणी ओतायला लागले, आणि त्या बाजूने, "धीरे. और धीरे. बस," असं मुलाला पाटी शिकवावी तसं सांगत राहिल्या. एक थेंब सांडला. त्यांनी वाकून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आज पहला दिन है." पलीकडे महेंद्रजी बाही वर करून बादलीत फडकं बुडवत होते. त्यांच्या गाडीचा एक दरवाजा स्वच्छ झाला होता आणि एक तसाच राहिला होता. त्या दुपारी जीजी उंबऱ्यावर आल्या. कैरीवरून आमचं नेहमीसारखं वाजलं. रात्री जेवताना ह्यांच्या ताटात लसणाची चटणी होती, आणि ह्यांनी ती पुन्हा मागून घेतली.

आता थंडी पडली आहे. बोअरला पाणी आलंय, टँकर केव्हाच बंद झाला. दंडाचा नियम ह्यांनीच रीतसर ठराव करून मागे घेतला. महेंद्रजी एक गाडी अजून स्वतः धुतात. दुसरी, म्हणतात, धूळ बसलेली बरी दिसते. कडुलिंबाखाली सकाळी धुकं असतं, पण जीजी शाल गुंडाळून हजर असतात, आणि मी स्वेटर घालून पाणी ओतते. या दिवसांत चिमण्यांना पाण्याची फारशी गरजही नसते, तरी येतात.

परवा मला ताप आला. सकाळी उठवेना. थोड्या वेळाने जीजी आत आल्या, कपाळाला हात लावला, ह्यांना चहाला आलं किती घालायचं ते सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "परिंडा आज मैंने भर दिया. तेरी गैरहाज़िरी लगी है. एक दिन और बढ़ गया."

त्या गेल्यावर हे चहा घेऊन आत आले. चेहरा गंभीर होता. "वीणा, हे मात्र बरोबर नाही," म्हणाले. "मुळात ज्या नियमाची शिक्षा तो नियमच रद्द झालाय. शिक्षेला मुदत नाही. त्यात आजारी माणसाची शिक्षा वाढवायची, हे कुठल्या न्यायात बसतं? तू म्हणत असशील तर मी जीजींशी बोलतो. तुझी सुटका करून घेतो."

"खबरदार," मी म्हटलं.

हे कप हातात धरून बघत राहिले. मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, कूस बदलली आणि एक दिवस वाढला म्हणून सुखाने पडून राहिले.